सुळ्यामागची ज्वारीएवढी जागा

डॉ. गोळेगावकर साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं. त्यात माझाही लेख पाहिजे, असा हुकूम डॉ. नसरीन यांनी सोडला. नसरीन म्हणजे साहेबांच्या हाताखाली शिकलेल्या आणि आता त्यांच्याबरोबर दवाखाना सांभाळणाऱ्या डॉक्टर. मी म्हटलं, "बाई, मी चौथी शिकलेली. तिथं सगळे मोठाले डॉक्टर लिहिणार, माझं काय काम?" तर म्हणाल्या, "मावशी, सर के बारे में जो तुमको मालूम है, वो किसी को नै मालूम. तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी बघते." त्यांना वाटतंय मी काहीतरी गोड लिहीन. बघू. मला मधेमधे उठून नातीच्या तोंडात बघावं लागतं, त्यामुळं लेख तुटक झाला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नातीचं नाव ऋतुजा. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वरच्या सुळ्यांच्या मागं दोन्ही बाजूंना जी जागा आहे, ती साहेबांना बंद करायची आहे, आणि हे लिहिते आहे तोवर ती पुरती बंद झालेली नाही. माझ्या जिवाला जो घोर आहे तो त्या जागेचा आहे. ती बंद व्हायला असा उशीर झाला, त्यात माझा हात आहे. तेच मला सांगायचं आहे, पण आधी साहेबांची ओळख कशी झाली ते सांगते.

माझा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा. किती नंतरचा ते कोणी लिहून ठेवलं नाही, पण साहेबांच्या आगेमागेच. देवगाव रंगारीहून मी शहरात आले तेव्हा कोणीतरी सांगितलं की शहागंजात जिना चढून एक दातांचा दवाखाना आहे, तिथं झाडायला-पुसायला बाई पाहिजे. मी गेले. दवाखान्यात पेशंट नव्हता. साहेब एका उभ्या फळीसमोर स्टूल घेऊन बसले होते. फळीला एक इवलासा चौकोन चिकटवलेला, त्याच्या खाचेतून एक तार खाली आलेली आणि तारेच्या टोकाला चहाच्या गाळणीएवढी वाटी टांगलेली. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं,

"बाई, हात थरथरतो का?"

"नाय."

"मग ह्या वाटीत एकेक छर्रा टाका. हळू. तार सरकली की थांबा."

छर्रे म्हणजे जिन्सीकडच्या एका गॅरेजातून आणलेले बेअरिंगचे लोखंडी गोळे, बारीक गोटीएवढे. मी टाकत गेले. सहाव्याला तार सर्रकन खाली आली. साहेबांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "आता पुन्हा." तीन वाजेपर्यंत मी तेच केलं. मला वाटलं, माणूस शिकलेला दिसतोय, पण डोक्यावर परिणाम झालाय. झाडू कुठं आहे ते विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, हे कशासाठी? साहेबांनी मला खिडकीशी नेलं. खाली एक दुकानदार शटर वर ढकलत होता, ते अर्ध्यात अडकलेलं. म्हणाले, "कौसाबाई, ह्याच्या शटरचा रूळ गंजलाय. हा जोर लावतोय, पण तो शटरला लागतच नाही. कुठं लागतोय?"

"त्याच्या कमरेला," मी म्हटलं.

"बरोब्बर. दाताचं तसंच. दातावर चिकटवतो तो चौकोन म्हणजे ब्रॅकेट. त्याच्या खाचेतून तार जाते आणि तारेवरून दात सरकतो. खाचेत तार घासली, अडकली, की ओढणाऱ्या मागच्या दाढेच्या कमरेत भरते. मग सुळा मागं जायचा राहतो आणि दाढच पुढं येते. कोणती तार कोणत्या ब्रॅकेटमध्ये किती घासते, ते मला मोजायचंय."

एवढं सरळ मला त्याआधी कोणी काही सांगितलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही.

पुढची कितीतरी वर्षं सकाळी झाडू आणि दुपारी छर्रे असं माझं काम चाललं. स्टीलचं ब्रॅकेट आणि स्टीलची तार ही सगळ्यांत गुणी जोडी. नायटाय नावाची लवचिक तार जास्त घासते. टीएमए म्हणून एक करड्या रंगाची तार आहे, ती तर खाचेला धरूनच बसते. दाताच्या रंगाचं सिरॅमिकचं ब्रॅकेट दिसायला गोरंगोमटं, पण त्यात कोणतीही तार खरबडतेच. स्टीलची घातली तर आठ छर्र्यांत सरकायची, टीएमए घातली तर चौदा छर्रे लागायचे. हे आकडे मला माझ्या लेकरांच्या जन्मतारखांपेक्षा जास्त पाठ आहेत.

एकदा साहेबांनी बाटलीतून काहीतरी पाणी आणून तारेवर सोडलं. म्हणाले, ही कृत्रिम लाळ आहे, पुण्याहून मागवली. मी म्हटलं, "साहेब, थुंकी पुण्याहून? इथं काय कमी पडली व्हय?" ते इतके हसले की वाटी पडली आणि सगळे छर्रे कपाटाखाली गेले. दोघांनी गुडघ्यावर बसून वेचले.

त्यांचा तो अभ्यास पुढं कुठल्याशा मोठ्या मासिकात छापून आला. साहेबांनी मला शेवटचं पान दाखवलं, एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारून. "हे तुमचं नाव. मदतीबद्दल आभार." इंग्रजीत होतं, मला काय कळणार. तो कागद माझ्या पेटीत आहे. बाकी त्या पेटीत फक्त रेशनकार्ड आणि जमिनीचे कागद आहेत.

साहेबांच्या स्वभावाबद्दल लिहा, असं नसरीनबाईंनी बजावलं होतं, म्हणून एक सांगते. शहागंजातले एक कापडवाले सेठ मुलीला घेऊन आले. दोन महिन्यांवर लग्न. म्हणाले, "डॉक्टरसाब, जरा जोर लगाओ, दात आत घ्या तेवढ्यात." साहेब म्हणाले, "जोर लावतो की. पण मग मुलगी हार घालायला वाकेल तेव्हा दात हारात पडेल. चालेल?" सेठ उठून गेले. लग्न झाल्यावर तीच मुलगी नवऱ्याला घेऊन आली आणि दोन वर्षं तारा घालून बसली. घाई करणाऱ्याला साहेब ओरडत नाहीत. ते त्याला पुढचं चित्र दाखवतात.

त्यांच्यात दोष नाहीत असं मात्र कोणी लिहू नये. जेवण उभ्यानं करतात. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. स्वतः दातांचे डॉक्टर, आणि खिशात गुळाचा खडा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता तरी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत तीन वर्षं काढली. त्या मोतीबिंदूचाही ह्या गोष्टीत भाग आहे.

आता ऋतुजाचं सांगते. तिचे पुढचे दात पुढं आणि सुळे रांगेबाहेर. ओठ मिटायचे नाहीत. साहेबांनी तपासून सांगितलं की वरच्या दोन्ही सुळ्यांच्या मागचा एकेक दात काढावा लागेल, मग त्या जागेत सुळे मागं न्यायचे आणि त्यांच्यामागून पुढचे दात. सूनबाई ऐकूनच उठली. "चांगले दात काढायचे? कीड नाय, दुखत नाय, आणि काढायचे?" मी म्हटलं, "मी जामीन. साहेबांच्या हातून जागा उरलेली मी आजवर बघितली नाही." माझ्या शब्दावर दात काढले. कॉलेजात दिसू नयेत म्हणून ऋतुजानं गोरे ब्रॅकेट मागितले. मी म्हटलं, ते घासतात गं. ती म्हणाली, "आज्जे, घासू दे, दिसत तर नाहीत." साहेब म्हणाले, स्टीलची तार वापरू, थोडं सबुरीनं घेऊ, होईल.

दात काढले त्या दिवशी त्या जागेत हरभरा मावत होता. मिलिमीटर मला कळत नाहीत, मी दाण्यानं मोजते. पहिले काही महिने दात रांगेत येण्यात गेले. गेल्या वर्षी नवरात्रात जागा तुरीच्या दाण्याएवढी होती, आणि तिथून पुढं स्टीलच्या जाड तारेवर सुळे ओढायचे होते.

आमच्या दवाखान्यात दर वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पक्कड, आरसे, चिमटे सगळं धुऊन पाटावर मांडायचं. हळद-कुंकू हत्यारांना न लावता ताटात ठेवायचं आणि भोवती झेंडू, असा साहेबांचा नियम. तारा काचेच्या नळ्यांत असतात, लाल झाकणात स्टील, हिरव्यात टीएमए. इतकी वर्षं मी नळ्या तशाच मांडायची. गेल्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे. वाटलं, सगळं काम करतात त्या तारा, आणि पूजा काचेची? तारा बाहेर काढल्या. दोन जुड्या करून पाटावर ठेवल्या, दोन्हींवर एकेक फूल. नारळ फोडला, पेढे वाटले. मग तारा परत नळ्यांत भरल्या आणि झाकणं लावली. करडी कोणती आणि चकचकीत कोणती ते ट्यूबलाइटखाली बघण्याइतका धीर मी धरला नाही, कारण खाली रिक्षा थांबली होती.

दसरा झाल्यावर साहेबांनी लाल झाकणातली तार काढून ऋतुजाला बसवली. दर महिन्याला ती जायची, ओढणारी रबरी साखळी बदलून यायची, तार तीच. मी घरी दाणा घेऊन मोजायची. तूर मावेना झाली. मग ज्वारी बरोबर बसायला लागली. मी सूनबाईला तोऱ्यात म्हटलं, "बघ. बंद होत चालली का नाय?"

संक्रांतीच्या सुमाराला नसरीनबाईंनी ऋतुजाच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा घेतला आणि जुन्या साच्याशेजारी ठेवला. बराच वेळ मापाच्या काट्यानं मोजत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, ज़रा देखो ना."

साहेबांनी पण मोजलं. म्हणाले, "सुळे होते तिथंच आहेत."

मी दारात होते. म्हटलं, "असं कसं? जागा तर कमी झाली. तूर मावत नाय आता."

"जागा मागून कमी झालीय, कौसाबाई. दाढा पुढं आल्यात."

मला ते खिडकीतलं शटर दिसलं. दाढा अशाच पुढं येत राहिल्या तर जागा बंद होईल, पण सुळे आणि पुढचे दात आहेत तिथंच. दोन चांगले दात फुकट गेले. आणि जामीन कोण? मी. साहेबांनी साखळ्या सोडवल्या, ओढ बंद केली आणि म्हणाले, "सोमवारी तार काढून बघू. कदाचित ब्रॅकेट तिरकं लागलंय."

दवाखान्याची एक किल्ली माझ्याकडं असते. रविवारी सकाळी मी जिना चढले. ती फळी कपाटामागं धूळ खात पडली होती, ती काढली. लाल झाकणातली तार घेतली, सिरॅमिकच्या ब्रॅकेटमधून ओवली, वाटी टांगली आणि छर्रे टाकायला लागले. आठव्याला सरकायला पाहिजे होती. आठ झाले, नऊ झाले. दहाव्यालाही हलली नाही. चौदाव्या छर्र्याला तार सरकली. मी पुन्हा केलं. पुन्हा चौदा. मग हिरव्या झाकणातली घेतली, ती आठला आली.

खाली बसले. मनात काय काय आलं ते लिहिते, लपवत नाही. नळ्या आत्ता नीट करून ठेवल्या तर कोणाला कळणार? साहेब सोमवारी तार बदलतीलच. ब्रॅकेट तिरकं होतं म्हणतील. सूनबाई साहेबांना दोन शिव्या देईल, मला नाही. पण लाल झाकणातली तार आणखी कोणाकोणाच्या तोंडात गेली असेल, ते मला माहीत नव्हतं. ते साहेबांच्या कागदांवरूनच कळणार होतं. नळ्या होत्या तशाच ठेवल्या आणि दवाखान्याला कुलूप लावलं.

सोमवारी साहेब आले तशी मी समोर उभी राहिले.

"साहेब, लाल झाकणात टीएमए आहे."

"कशावरून?"

"चौदा छर्रे लागले. दोनदा बघितलं."

साहेबांनी तार घेतली, डोळे मिटून बोटांत वाकवली आणि सोडली. मग खुर्चीत बसले. "कोणी घातली?"

"मी. खंडेनवमीला पूजेसाठी काढल्या होत्या. भरताना अदलाबदल झाली."

"ते नाही विचारत. तोंडात कोणी घातली?"

"तुम्ही," म्हटलं.

"मग?" ते म्हणाले. "बोटांना कळायला पाहिजे होतं. डोळ्यांना दिसत नाही, हे मला माहीत होतं."

त्यांनी ऋतुजाचा कागद काढून त्यावर लिहिलं. मी वाचून दाखवायला लावलं. लिहिलं होतं, चुकीची तार माझ्याकडून बसवली गेली. मी म्हटलं, "माझं नाव लिहा." तर म्हणाले, "हा पेशंटचा कागद आहे, कौसाबाई. तुमच्या हजेरीचा नाही."

मग सगळे कागद उपसले. आणखी तिघांना तीच तार गेली होती. साहेबांनी स्वतः फोन केले. तिघांनाही सरळ सांगितलं की आमच्याकडून चुकीची तार लागली आहे, येऊन बदलून घ्या. त्यातले एक अजिंठ्याचे मास्तर. ते एसटीनं आले आणि दारातूनच बोलायला लागले, "दोन महिने काय झोपा काढत व्हते का तुम्ही?" साहेब म्हणाले, "मास्तर, बरोबर आहे तुमचं. आधी बसा, तार काढतो, मग उरलेलं बोला." मास्तरांनी उरलेलं पण बोलून घेतलं. साहेबांनी ऐकून घेतलं. त्या तिघांचं सुदैवानं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं होतं ते आमच्या घरचं. ऋतुजाला मी सांगितलं तेव्हा ती आधी आरशासमोर जाऊन आली. मग म्हणाली, "आज्जे, माझ्या दातांवर फूल वाहिलंस तू." हसली, पण डोळे भरले होते. सूनबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि जायची.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आम्ही तीन वर्षं ओरडत होतो तेव्हा नाही. डोळा बरा होईपर्यंत नसरीनबाईंनी बघितलं. मग साहेबांनी ऋतुजाच्या हिरडीतून हाडात बारीक स्क्रू बसवले आणि सुळे दाढांऐवजी त्या स्क्रूंना ओढायला लावले. म्हणाले, "आता दाढांच्या कमरेवर काही येणार नाही. पण आहे त्या जागेतला केसभरही वाया घालवता येणार नाही, कौसाबाई. आपण तुरीपासून ज्वारीपर्यंतची घालवून बसलो." ‘आपण’ म्हणाले. ‘तुम्ही’ नाही.

तेव्हापासून मी दर महिन्याच्या तारखेला जिन्याखाली उभी असते. वर जायचा धीर होत नाही. ऋतुजा खाली येते आणि बोटानं दाखवते, किती सरकले ते. उन्हाळ्यात एक महिना काहीच सरकलं नाही. त्या महिन्यात मी सूनबाईसमोरून उठून जायची. श्रावणात ज्वारी अडकायला लागली. नंतर बाजरी.

यंदाची खंडेनवमी आली. मी पाट मांडलाच नाही. साहेब आले, इकडंतिकडं बघितलं. "पाट कुठाय?"

"नाय मांडला."

"का? पक्कडीनं काय गुन्हा केला?" त्यांनी स्वतः कपाटावरून पाट काढला. नळ्यांच्या लाल झाकणावर एक झेंडू ठेवला, हिरव्या झाकणावर एक. "आत हात घालायचा नाही," म्हणाले. मग नारळ माझ्या हातात दिला. आता आमच्याकडं असा रिवाज आहे की पूजा झाली की दोन्ही नळ्यांतली एकेक तार फळीवर ओढून बघायची. छर्रे मीच टाकते. यंदा आठ आणि चौदा बरोबर आले, तेव्हाच साहेबांनी पेढा तोंडात टाकला.

गेल्या महिन्यात साहेबांना जिन्यात चक्कर आली. दोन पायऱ्या खाली घसरले. कोपराला लागलं, बाकी काही नाही. पण तेव्हापासून ह्या ग्रंथाचं काम करणारी मंडळी बोलायला लागली आहेत की कार्यक्रमानंतर सरांनी आता आराम करावा, खुर्ची नसरीनबाईंकडं द्यावी. मंडळींचं चुकत नाही. नसरीनबाईंचा हात चांगला आहे, हे मी सगळ्यांसमोर लिहिते. पण बिघाड साहेबांच्या आणि माझ्या हातून झालेला आहे. तो आम्ही दोघांनी निस्तरला म्हणजे माझी मान वर होईल. साहेबांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "कोण आराम करतंय? तुमची ज्वारी बाकी आहे ना अजून?" मी म्हटलं, ज्वारी केव्हाच गेली, काल राजगिरा अडकला. "मग खसखस आणून ठेवा," म्हणाले.

खसखस आणलेली आहे. आज सकाळी बघितलं. डाव्या बाजूला तीही आत गेली नाही. उजव्या बाजूला अजून जाते.

ह्या ग्रंथात सगळ्यांनी साहेबांना शंभर वर्षं मागितली असतील. मागावीत, साहेब त्या लायकीचे आहेत. मला मात्र एवढं मोठं एकदम मागायची भीती वाटते. वाटीत एकदम मूठभर टाकलं की कितव्याला सरकलं ते कळत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. म्हणून मी एकेक महिना मागणार आहे. हा महिना त्यांचा डोळा स्वच्छ राहो, हात थरथरू नये, डोकं गरगरू नये. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात मागीन, आणि मी आहे तोवर मागायला चुकणार नाही.

साहेब, शनिवारी अकराला ऋतुजाची वेळ आहे. मी जिन्याखाली असेन. कठडा धरून चढा.